अजून एक शीट

माझे मामेसासरे आयुष्यात कधी एकटे कुठे गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही. उद्या वरचं बोलावणं आलं तरी ते यमदूताला ओट्यावर बसवतील, चहा पाजतील आणि गल्लीत हाळी देतील, की कुणी येतंय का संगं. गंगापूरच्या रस्त्यावर त्यांची काळी-पिवळी जीप चालायची, आणि शिटं भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा त्या धंद्याचा नियम. जीप विकून बरीच वर्षं झाली, नियम मात्र अंगात मुरला तो मुरलाच. चष्मा करायला निघाले तेव्हा चौघांना सोबत नेलं. चौघांनी दुकानातल्या सगळ्या फ्रेमी नाकावर चढवून बघितल्या, आणि शेवटी चष्मा झाला तो सोबत आलेल्या एकाचा. मामी सांगतात, लग्नानंतर दोघं म्हैसमाळला फिरायला निघालो, तर वेशीपर्यंत जीप भरली होती आणि त्यातला एक जण तर दोघांच्याही ओळखीचा नव्हता. "एकट्यानं गेलं की माणूस फसतं," एवढंच मामांचं यावर म्हणणं.

अशा माणसाच्या घरी, सिडकोत, मी मुक्ताला घेऊन उतरले. लेक जर्मनीत जन्मलेली, त्यामुळे तिच्या दृष्टीनं परदेश म्हणजे सिडको. नवरा तिकडचं घर आवरून महिन्याभरानं येणार होता. लेकीच्या लसींत खंड पडू नये म्हणून मी आल्या आल्या मुलांच्या डॉक्टर गाठल्या. सोबत अर्थातच मामा, मामी आणि मामांचे दोन मित्र. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिकडचे डोस वाया जात नाहीत, थांबलो तिथून पुढं चालू करायचं. फक्त क्षयरोगाची बीसीजी राहिलीय. तिकडं ती सरसकट देत नाहीत, आपल्याकडं मात्र हवीच. "माझ्याकडे नाहीये, सरकारी दवाखान्यात मिळेल. पण वर्ष भरायच्या आत द्यायला हवी." मुक्ताचं वर्ष येत्या सोमवारी भरत होतं.

दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, बीसीजीचा वार बुधवार, आणि तो कालच झाला. मी इतक्या विनवण्या केल्या, की शेवटी त्याच वैतागून म्हणाल्या, "मधीच बाटली मागवायची तर पाच-सहा लेकरं तरी दाखवा ताई. एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागती, उरली तर फेकून द्यावी लागती."

मी रडकुंडीला आले होते आणि शेजारी मामांच्या चेहऱ्यावर तेज चढत होतं. त्यांनी विचारलं, "बाटलीत किती बसतात?"

"दहा."

"मंग जीपचंच झालं की हे. उद्या धा वाजता भरून आणतो."

आता बीसीजी राहिलेली लेकरं म्हणजे नुकती जन्मलेली, आणि ती असतात बाळंतिणीच्या खोलीत, दारं-खिडक्या बंद करून, शेगडीच्या धुरात, आजीच्या पहाऱ्यात. सव्वा महिना तिथून कुणी हलत नाही, म्हणूनच तर त्यांचे बुधवार हुकलेले. मामांनी त्या दिवशी आख्खी वस्ती पालथी घातली. "सव्वा महिना बाळंतिणीचा आसतो माय, लेकराचा नाय," ते उंबऱ्याबाहेरूनच आज्यांना पटवत होते. "तुमी घ्या काखंत अन् चला. बाळंतीण ऱ्हाऊ द्या घरी."

"वारं लागंल की लेकराला," एक आजी म्हणाल्या.

"लागलं तर समद्यांना सारखंच लागंल. आमची तर जर्मनीचं वारं खाऊन आलीय."

पुढच्या गल्लीतल्या एका खालाजाननं दारातूनच विचारलं, "मामू, हमारे जुडवाँ हैं, चलता क्या?" मामांना अंगणात सोनं सापडल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारात रिक्षांची रांग लागली. टोपरी घातलेली, काजळ-तीट लावलेली गाठोडी घेऊन आज्या उतरल्या. सिस्टरांनी मोजली तर नऊ भरली. लस आलेली होती. "भरपूर झाली मामा, फोडते आता," त्या म्हणाल्या, तर मामा दारात आडवे उभे.

"अजून एक शीट."

"अहो, नवावर बी चालतंय!"

"धा म्हणला होता ना? बाटली रिकामी शीट घिऊन जाणार नाय." आणि हा माणूस खरोखर रस्त्यावर जाऊन "एकच शीट, एकच शीट" ओरडायला लागला. आत एक लेकरू रडलं, त्याचं ऐकून बाकीची रडली, आज्यांनी मामांच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि सिस्टर घड्याळाकडं बघत माझ्यावर डाफरल्या. मी मनात म्हटलं, गेली बाई आपली लस या माणसाच्या हट्टापायी. तेवढ्यात मामा परतले ते पाचोडहून नणंदेकडं आलेल्या एका बाईला घेऊन. बिचारी दवाखान्यासमोरून चालली होती. तिच्या कडेवर तान्हं होतं, आणि सिस्टरांनी चौकशी करून सांगितलं, की त्याचीही बीसीजी राहिलेलीच आहे. मामांनी दाराच्या चौकटीवर दोन थापा मारल्या. "चला, निघू द्या."

पहिला नंबर मुक्ताचा लागला. डाव्या दंडावर सुई टोचताच तिनं भोकाड पसरलं, आणि चार अनोळखी आज्या एकदम तिला चुचकारायला लागल्या. एकीनं खुळखुळा वाजवला, एकीनं माझ्याच पाठीवर हात ठेवला. पोरीला वेळेत लस मिळाली होती. माझा आनंद मावत नव्हता आणि डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

"लेकरू गप झालं, आता तू का रडायलीस?" मामांनी विचारलं.

"तिकडचे सगळे डोस मी एकटीनंच दिले, मामा. यांना रजा नसायची. हिला मांडीवर घट्ट धरायचं, टोचून घ्यायचं, आणि दोघींनी ट्रामनं घरी यायचं."

"एकटीनं?"

"हो."

"कुणी म्हंजे कुणीच नव्हतं संगं?"

मी मान हलवली. मामा माझ्या शेजारी बाकावर बसले आणि मुक्ताला मांडीवर घेऊन तिचा दंड हळूच फुंकत राहिले. बाहेर रिक्षा भरून उभ्या होत्या, आज्या हाका मारत होत्या, पण मामा काही उठेनात.