हिरव्या माणसाच्या आधी

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. चौकातून जाताना आजही मान खाली घालतो, मग न राहवून वर बघतो. दिवा तिथंच आहे.

हिंगोलीतल्या आमच्या चौकात पायी चालणाऱ्यांसाठी लाल-हिरव्या माणसाचा सिग्नल नवा बसला, तेव्हा त्याला कोणी विचारत नव्हतं. हात आडवा करायचा आणि निघायचं, ही आमची रीत. त्या दुपारी धाकट्या भावाची बायको माझ्यामागून येत होती. तिला हट्ट्याला माहेरी जायचं होतं, मलाही एसटी स्टँडकडेच काम होतं. मी तिचा भासरा. माझ्यासमोर ती डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, बोलतही नसे. पण पुण्याला लेकीकडे राहून आली होती. कडेला थांबली आणि हळूच म्हणाली, "दादा, हिरवा माणूस लागू द्या."

पानटपरीवरचा एक जण हसला. "काका, आता तुमाला रस्ता शिकवून राहिल्या व्हय?"

मला झोंबलं. "चला बाई, इथंच मुक्काम करता का?" म्हणत मी हात आडवा केला आणि निघालो.

भासरा पुढे गेल्यावर ती मागे कशी थांबणार? लोक बघत होते म्हणून तिने पदर आणखी पुढे ओढला. मोटारसायकल आली ती नेमकी पदराआडच्या बाजूने.

खुब्याचं हाड मोडलं. पुतण्या दवाखान्यात धावत आला. "मोठे बाबा, काहून निघाली आई मधीच?"

"मी थांबा म्हणलो होतो," मी म्हणालो. "ऐकलं न्हाई."

ती शेजारच्याच खाटेवर होती. तिने फक्त पदर सावरला.

हाड जुळलं, काठी घेऊन ती चालू लागली. पण पुतण्याने तिला पुन्हा एकटीला बाहेर सोडलं नाही. पूर्वी मनात आलं की एसटीत बसणारी बाई, आता माहेरी जायला घरातलं कोणी रिकामं व्हायची वाट बघते. नातवंडं चिडवतात, "आज्जीला लाल-हिरवं कळत न्हाई." ती हसते.

मी त्या घरी सारखा जातो. बसवत नाही, उठतो, पुन्हा बसतो. दाराआड काठी वाजते. एकदा पुतण्या, नातवंडं सगळे समोर होते. मी घसा खाकरला. आतून ती म्हणाली, "दादांना पाणी द्या रे." पाणी प्यालो आणि निघून आलो.

पोरांना ऐकू जाईल असं म्हणायचं होतं ते एवढंच: बाई, तुम्ही थांबल्या होत्या. निघालो मी, आणि खोटंही मीच बोललो. मला माफ करा.