डेन्मार्कची चटणी

अलका गोडबोलेला मी पहिल्यांदा रागावले ती ताटावरून. एडिनबरात, आमच्या मार्चमाँट भागातल्या फ्लॅटवर जेवायला आली होती, आणि वाढलेल्या ताटाकडे बोट दाखवून पुटपुटत होती, जर्मनी भाजी, स्पेन चटणी, बेल्जियम वरण. म्हटलं, अगं, अन्नाशी काय खेळ मांडलायस?

खेळ नव्हता तो, तिचं काम होतं. २००६ साल. एडिनबरातल्या एका छोट्या ऑफिसात ती आठ महिने टेम्पररी होती. शाळांना युरोपची माहिती देणारे तक्ते तिथे बनायचे. अलकाच्या वाट्याला नकाशा आला होता. युरोपियन युनियनमधले पंचवीस देश, आणि प्रत्येकाचा नेता कुठल्या पक्षाचा त्याप्रमाणे रंग. समाजवादी लाल, उजवे निळे, लिबरल पिवळे. पक्षांची नावं वीस भाषांतली, डोकं भणभणायचं नाहीतर काय! मग या बाईने ताट मांडलं. डावीकडची लाल चटणी म्हणजे समाजवादी, उजवीकडची भाजी म्हणजे उजवे, मधलं पिवळं वरण म्हणजे लिबरल. कुठल्याच गटात न बसणारे वर मिठाच्या जागी.

"डेन्मार्क सगळ्यात सोपा गेला, काकू," ती म्हणाली. "त्यांच्या पंतप्रधानांच्या पक्षाचं नावच वेन्स्त्र. डिक्शनरीत बघितलं, तर अर्थ डावा. वाढली चटणी!"

मी हसले आणि स्वतःच आणखी चटणी वाढून घेतली.

हसण्यासारखे दिवस मात्र नव्हते. तिचा नवरा गिरीश इथे हॉस्पिटलमध्ये ज्युनियर डॉक्टर. एप्रिलमध्ये सरकारने बाहेरून आलेल्या डॉक्टरांचे नियम एकाएकी बदलले. गिरीशची पोस्ट ऑगस्टपर्यंत, पुढे सगळा अंधार. बिचारा जेवायचा नाही, फोन वाजला की दचकायचा. आता एकच वाट उरली होती. अलकाच्या ऑफिसने तिला कायम करायचं, तिच्यासाठी वर्क परमिटचा अर्ज करायचा, आणि मग गिरीश तिच्या व्हिसावर राहणार. तिची साहेबीण मॉरॅग शुक्रवारी त्या पत्रावर सही करणार होती. सही झाली नाही तर ऑगस्टमध्ये सामान बांधायचं.

आणि गुरुवारी दुपारी अलका माझ्या दारात. कोटसुद्धा काढेना. एक्केचाळीस नंबरच्या बसमध्ये कुणीतरी टाकलेला पेपर तिने उचलला होता, आणि त्यात डेन्मार्कच्या पंतप्रधानांची बातमी होती. पहिल्याच ओळीत त्यांना लिबरल म्हटलं होतं. तशीच उलट पावली ऑफिसात जाऊन तिने शोधलं. नाव डावा असलं तरी तो पक्ष कधीचाच डावा उरलेला नव्हता, लिबरलांच्या गटात बसत होता. म्हणजे वरण! नमुन्याचे तक्ते सोमवारीच काही शिक्षकांकडे गेले होते, आणि छपाई शुक्रवारी दुपारी सुरू होणार होती. मॉरॅग गुरुवारी बाहेरगावी होती, शुक्रवारी सकाळीच भेटणार होती.

मी काय सांगितलं ते लपवत नाही. गप्प बस म्हटलं. आधी पत्र पदरात पाडून घे, मग काय ते सांग. नखाएवढा देश, कोण बघतंय? रंग चुकला म्हणून कुणी मरत नाही, पण तुझं घर उठेल. मला तिची काळजी होती, आणि तिचा रागही आला होता. एवढी शिकलेली मुलगी, नुसत्या नावावर विसंबली!

"काकू, माझं आडनाव गोडबोले," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी कधी कुणाशी गोड बोललेय का? आणि मीच नावावरून पक्ष ओळखायला निघाले."

चहा न घेताच गेली. मी त्या दिवशी दोनदा दूध उतू घालवलं. शुक्रवारी सकाळपासून फोनशेजारी बसून राहिले, आणि ती गप्प बसली असू दे, एवढंच देवाला सांगत होते.

झालं ते तिने नंतर सांगितलं. मॉरॅगच्या टेबलावर पत्र होतं, शेजारी पेन. अलकाने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, डेन्मार्क चुकलाय, चूक माझी, छपाई थांबवा. मग मॉरॅगने पत्राखाली पालथा ठेवलेला कागद सुलटा केला. डंडी शहरातल्या एका शिक्षकाची ईमेल होती, बुधवारी आलेली. तुमचा डेन्मार्क लाल कसा, असं त्याने विचारलं होतं.

"तू स्वतःहून सांगतेस का, तेवढंच मला बघायचं होतं," मॉरॅग म्हणाली, आणि तिने सही केली.

काय बाई एकेकीची तऱ्हा! माणसाचा जीव असा टांगणीला लावतात का? पण अलकाने माझं ऐकलं असतं तर?

शनिवारी अलका-गिरीशने मला जेवायला बोलावलं. गिरीशने कित्येक दिवसांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. जेवता जेवता तो माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, गुरुवारी ही तुमच्याकडे आली होती ना? खरं सांगून टाक असं तुम्हीच म्हणाला असणार. तुमचे उपकार कसे फेडू?"

अलकाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग माझ्या भातावर वरण वाढलं. आता माझी पाळी होती. मला फक्त "नाही रे" एवढंच म्हणायचं होतं.

मी खाली मान घालून भात कालवत राहिले.