स्टुटगार्टच्या हॉटेलात दाराबाहेर काढलेली पायताणं

कुरुंदवाडातनं निघतानाच मी धास्तावलो होतो. मी चौथी शिकलेला माणूस, पुण्याच्या पलीकडं कधी गेलो नाही. पण लेक वंदना जर्मनीत, स्टुटगार्ट नावाच्या शहरात, आणि तिचं बाळंतपण आलेलं. बाळंतपणाला आई जाते. तिची आई श्रावणात वारली, म्हणून मी निघालो.

शेजारची गंगूबाई म्हणाली, "म्हातारं थितं जाऊन काय करनार? बाळाला न्हाऊ घालनार व्हय?"

"बसून तर राहीन की," मी म्हणालो.

पायात करकरवाली पायताणं (कोल्हापुरी चप्पल) होती. हौसानं, माझ्या बायकोनं, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्यांना तेल लावलं होतं. नंतर मी मुद्दाम लावलं नाही. गल्लीच्या तोंडाला करकर ऐकू आली की ती चहा टाकायची. मी उंबऱ्यावर येईपर्यंत आधण आलेलं असायचं.

विमानात मी खुर्चीचा दांडा सोडला नाही. जावयानं विमानतळावरनं थेट हॉटेलात नेलं. आपल्याकडं हॉटेल म्हणजे मिसळ खायची जागा, तिथं लोक नुसते राहतात. वंदना दवाखान्यात दाखल झालेली, त्यांचं घर एका खोलीचं. "मामा, दुपारी न्यायला येतो. कुठं जाऊ नका," एवढं बोलून पोरगं पळालं.

जाणार कुठं? लिफ्टची भीती वाटली म्हणून जिना चढलो. वर बोळात जाड गालिचा. चार पावलं टाकली आणि थांबलो. करकर येईना. परत चाललो. नाहीच. मी चालतोय हे तिथं कुणालाच कळत नव्हतं.

खोलीची खिडकी चार बोटं उघडायची. बाहेर करडं आभाळ, उतरती छपरं, माणूस एक नाही. हितं मेलो तर कळणार कुणाला, हाच विचार. पिशवीतली भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर खाल्ली, घरच्या सवयीनं पायताणं दाराबाहेर काढली आणि आडवा झालो.

जाग आली तेव्हा दार उघडून बघतो, तर पायताणं नाहीत. शोधायला बाहेर पाऊल टाकलं आणि मागं दार खट्कन लागलं. तिथली दारं आपोआप कुलूप लावून घेतात. उघडायचं कार्ड आत, फोन आत, चष्मा आत. मी बंडी-लेंग्यावर, अनवाणी. समोरच्या खोलीतनं एक उंच गोरा बाहेर आला, मला बघून पुन्हा आत गेला. आता हा पोलीस बोलावणार, मला नेणार, आणि दवाखान्यातल्या लेकीच्या कानावर हे जाणार. पण त्याहून मोठी भीती पायताणांची होती. कचऱ्यात गेली असली तर?

भिंत धरत खाली आलो. काउंटरवर टकला मॅनेजर, बाजूला डोक्याला रुमाल बांधलेली, माझ्याच वयाची बाई फरशी पुसत होती. मॅनेजर काहीतरी बोलला.

"माझी पायताणं कुठं हायत तेवढं सांगा, पावणं. बाकी काय नको," मी म्हणालो आणि पायाकडं बोट केलं.

त्यानं फोन उचलला. झालं, पोलीस. मी पायरीवर बसलो. तेवढ्यात त्या बाईनं हातानं 'चल' म्हणून खुणावलं.

मागच्या खोलीत भिंतीला गरम पाण्याची लोखंडी पेटी होती. घर ऊबदार ठेवायला ती असते. तिच्यावर माझी पायताणं पालथी, पांढरी पडलेली.

"साबून," बाई म्हणाली आणि घासल्यासारखं केलं.

दाराबाहेर ठेवली म्हणजे धुवायला दिली, असं तिला वाटलं. हौसाच्या हातचं तेल गेलं. घातली, फरशीवर चाललो. आवाज नाही. मग मी तिथंच बसून रडलो. लपवायचं काय त्यात?

बाई घाबरली. "आमजा, आमजा," म्हणायला लागली. तुर्की भाषेत आमजा म्हणजे काका, हे नंतर जावयानं सांगितलं. मी चोळून दाखवलं, "तेल." तिनं कपाटातनं खायच्या तेलाची बाटली काढली. मी उजवं घेतलं. डावं तिनं स्वतःच मांडीवर ओढलं. चोळत बसलो.

जावई धापा टाकत आला. मॅनेजरनं फोन त्यालाच केला होता. "मामा, मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत. आणि हे काय चाललंय?"

"तेल लावतोय," मी म्हणालो.

नातीला मांडीवर घेतलं, महिनाभर राहिलो. पायताणं मुकीच राहिली. परतीच्या विमानात पुन्हा तीच भीती: गल्लीत शिरल्यावर मी आलो हे कळणार कुणाला?

कुरुंदवाडाच्या स्टँडपासनं कान पायाकडंच होते. गल्लीच्या तोंडाला डावं करकरलं. त्या बाईनं चोळलेलं. उजवं गप्पच.

"आला व्हय?" गंगूबाई आतनंच ओरडली. "नात कुणावर गेलीया?"

"हौसावर."

कुलूप काढलं, पायताणं दाराबाहेर ठेवली. आत चूल थंड होती. चहा माझा मीच टाकला.