टायरच्या आतली ओळ

सुखदेव गेल्याचं मला फॅक्टरीच्या बसमध्ये कळलं. पुढच्या सीटवर दोघं बोलत होते. "तो टायरवाला गेला ना भंडाऱ्याचा, काविळीनं," एक म्हणाला. दुसऱ्यानं विचारलं, "कोणता? ज्यानं त्या बाईचा पाय घालवला तो?" "हो, तोच." ती बाई म्हणजे माझी बायको कुसुम. तिचा नवरा मागच्याच सीटवर मांडीवर डबा धरून बसला आहे, हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. मी साधा खाकरलोही नाही. पाच वर्षांत गप्प बसणं अंगवळणी पडलं होतं... जवाहरनगरच्या फॅक्टरीचं गेट येईपर्यंत खिडकीबाहेरच्या धानाच्या बांध्या पाहत राहिलो.

सुखदेव आणि मी सिहोऱ्याचे. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे मी मॅट्रिक होऊन फॅक्टरीच्या ऑफिसात चिकटलो आणि तो एका ट्रकवाल्याच्या हाताखाली टायरचं काम शिकला. सत्तरच्या दशकातच त्यानं भंडाऱ्यात हायवेच्या कडेला स्वतःचं दुकान टाकलं. चार लाकडी बल्ल्या, वर पत्रा, आत बुद्धाची तसबीर आणि पंक्चर पाहायला पाण्याचं घमेलं, एवढंच. पण हात असा की नागपूरचे ट्रकवाले त्याच्यासाठी थांबायचे. अंगठ्यानं टायर दाबून तो किती मैल चालेल ते सांगायचा, आणि ते खरं निघायचं. त्याची एक खोड होती. टायर बसवण्याआधी तो आतल्या बाजूला पांढऱ्या पेंटनं बारीक ब्रशनं काहीतरी लिहायचा. बहुतेक वेळा महिना आणि गावाचं नाव. पण गिऱ्हाईकानं त्याचं न ऐकता काही बसवून घेतलं, तर तो लिहायचा, 'मालकाचा हट्ट'. अक्षर मात्र मोत्यासारखं. मी एकदा विचारलं, "टायरच्या पोटात हे कोण वाचणार रे?" तर म्हणाला, "पुढचा मिस्त्री वाचंल ना बे. त्याले समजलं पाह्यजे का सुखदेव येडा नोता." आम्ही दोघंही पोट धरून हसलो होतो.

मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एक परदेशी जोडा आला. भल्या मोठ्या मोटारसायकलवर जग पाहायला निघालेले नवरा-बायको, आणि वैनगंगेच्या पुलाजवळ त्यांची गाडी बंद पडली. सुखदेवनं दोन दिवस खपून ती चालू केली. बोलणं दोन्हीकडे पोचवायला मी होतो. माझं इंग्रजी अर्ज लिहिण्यापुरतं, पण त्या दोन दिवसांत मी भलताच भाव खाल्ला. जाताना ओझं कमी करायचं म्हणून त्या गोऱ्यानं पुढच्या चाकाचा एक जादा टायर मला देऊन टाकला. रेडियल, म्हणजे साध्या टायरपेक्षा रस्ता घट्ट धरणारा. आपल्याकडे मोटारसायकलला तसा टायर तेव्हा कोणी पाहिलेलाही नव्हता. माप माझ्या मोटारसायकलला बरोबर बसत होतं. तो मात्र बोट उगारून दोनदा म्हणाला, दोन्ही चाकांना एकाच तऱ्हेचे टायर लाव. एक हा आणि एक तुमचा साधा प्लायचा, असं कधी करू नको. हे मीच मराठीत सुखदेवला सांगितलं. माझ्याच तोंडानं.

महिन्याभरानं कुसुमला मागे बसवून पुरीला जायचं ठरलं. रायपूर, संबलपूर करत थेट समुद्रापर्यंत. तिनं समुद्र पाहिला नव्हता. मी तो टायर घेऊन सुखदेवकडे गेलो. म्हटलं, पुढे लाव.

"नाही लावत मी," तो म्हणाला. "तूच तर सांगतलं बे, तो गोरा काय म्हणे ते. पुढचा रस्ता धरून ठेवंल अन् मागचा सोडून देईल. वळणावर गाडी गर्रकन फिरते अशानं."

"अरे, त्याची गाडी हत्तीएवढी. आपल्याला काय होतं?"

"वहिनीले घेऊन जाऊन राहिला ना तू?"

"घाबरट आहेस लेका. जमत नसेल तर सांग, नागपूरला जाऊन बसवून घेतो."

जमत नसेल तर... हे त्याला लागलं. लागावं म्हणूनच मी बोललो होतो. जिल्ह्यात कोणाच्याच गाडीला नसलेला टायर मला मिरवायचा होता, दुसरं काही नाही. त्यानं टायर काढायची पटाशी उचलली. मी समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा चाक बसलेलं होतं, आणि त्यानं पैसे घेतले नाहीत.

साकोलीच्या पुढे, ओल्या रस्त्यावर, वळणात मागच्या चाकानं रस्ता सोडला. अगदी त्यानं सांगितलं होतं तसं. मी शेतात फेकला गेलो, हाताला चार टाके पडले. कुसुमचा पाय गाडी आणि वळणावरच्या छोट्या पुलाच्या दगडामध्ये सापडला. नागपूरला गुडघ्याखालून कापावा लागला. ती शुद्धीवर आली तेव्हा आधी तिनं चादरीखाली चाचपलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे मी अजूनही उभा राहू शकत नाही. तिचे वडील तुमसरहून आले होते. व्हरांड्यात त्यांनी मला एकच विचारलं, "कोणी बसवला तो टायर?"

"सुखदेवनं," मी म्हणालो.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतक्या सहज बोलून गेलो.

चार दिवसांनी ते मला घेऊन सुखदेवच्या दुकानी गेले. मोडकी गाडी ट्रकवर घालून तिथंच आणली होती. बाजाराचा दिवस होता. पंधरा-वीस माणसं जमली. सासऱ्यांनी सुखदेवला नाही नाही ते ऐकवलं, त्याच्या आईवरून, त्याच्या समाजावरून. सुखदेव फडक्याला हात पुसत उभा होता. मध्येच त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं, आता हा काही बोलतो का म्हणून. मी खाली पाहिलं. मग तो म्हणाला, "चुकलं माह्यं, काका."

तिथून त्याचं दुकान बसलं. जवाहरनगरच्या लोकांनी जाणं सोडलं, मग ट्रकवाल्यांनी. शेवटी सायकलचे पंक्चर तेवढे राहिले. मी मान खाली घालून अधूनमधून जायचो. तो मला आता 'तुम्ही' म्हणायचा. प्रत्येक वेळी विचारायचा, "बाईची तब्येत कशी हाय?" वहिनी म्हणणं त्यानं सोडलं होतं. एकदा मी धीर करून म्हटलं, "सुखदेव, मी सांगून टाकतो सगळ्यांना." तो चाकाकडे पाहत म्हणाला, "हात तर माहेच होते ना. लावाचं नोतं तर लावाचंच नोतं." मी त्यावर सुटल्यासारखा घरी आलो. नालायकच म्हणायचं मला... दुसरा शब्द नाही.

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, शेवंताबाईनं, आतून तो टायर आणून माझ्यापुढे ठेवला. "हे तुमचं हाय. ज्याचं त्याले देजो म्हणून गेले." मी टायरच्या कडा दोन्ही हातांनी फाकवून आत पाहिलं. पांढऱ्या पेंटचा डाग होता, ब्लेडनं घासून काढलेला. सगळं गेलं होतं, फक्त शेवटचा 'ट्ट' राहिला होता.

"तुमच्या सासऱ्यानं तमाशा केला त्याच रात्री चाकातून काढून घासलं," शेवंताबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, दाखवा ना हे लोकाइले, तुमचं नाव साफ होईल. तर म्हणे, बाईचा पाय गेला, आता तिचं घर कायले मोडाचं? मले शपथ घातली. आता तेच नाही राह्यले, तं सांगून राहिली." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं.

टायर रिक्षात घालून घरी आणला आणि कुसुमला सगळं सांगितलं. तिनं लाकडी पाय काढून बाजूला ठेवला होता. ऐकून झाल्यावर एवढंच विचारलं, "बाबांनी त्याले शिव्या देल्ल्या, तवा तुम्ही तिथंच होते ना?"

"होतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ओसरीवर टायर आडवा, त्याच्याजवळ पांढऱ्या पेंटचा डबा आणि ब्रश. "त्याचं नाव चारचौघात गेलं," ती म्हणाली, "अन् तुम्ही मले एकटीले सांगून मोकळे होता काय? लिहा. आधी जिथं होतं तिथं लिहा, मंग पेपरात लिहा."

पेपरातलं हे तुमच्यापुढे आहे. टायरमधलं त्याच सकाळी लिहिलं. कुसुमनं भिंतीला टेकून टायरच्या कडा फाकवून धरल्या आणि मी आत हात घालून 'मालकाचा हट्ट' असं लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली. सुखदेवच्या त्या 'ट्ट'ला मात्र मी ब्रश लावला नाही. तो तसाच ठेवला, आणि माझी ओळ त्याच्या शेजारी आणून संपवली.