केळीच्या सोपटातलं इन्सुलिन

माझ्या नातीला लहानपणापासून साखरेचा आजार आहे. जेवणाआधी इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. घरी औषध फ्रिजमध्ये असतं, तेव्हा काळजी नसते. पण गाडीने लांब जायचं म्हटलं की सून नकोच म्हणायची.

त्याला कारण आहे. मागे आम्ही सगळे सिन्नरला, सुनेच्या माहेरी निघालो होतो. आमच्या किनाऱ्याकडची माणसं घाटावरच्या पाहुण्यांकडे जाताना मासळी नेतात. मुलाने थर्माकोलच्या खोक्यात बर्फ आणि खडे मीठ घालून पापलेटं भरली आणि इन्सुलिनही त्यांच्यातच खोचलं. म्हणाला, "पापलेट टिकतं, मग हे का नाय टिकणार?" पापलेटं छान राहिली. इन्सुलिन गोठलं. तिथले डॉक्टर म्हणाले, एकदा गोठलं की वितळलं तरी ते कामाचं नाही, टाकून द्या. नवीन मिळेपर्यंत पोरीची साखर चढली, ती ओकून ओकून निपचित पडली. त्यानंतर सून माहेरी गेली नव्हती.

यंदा मे महिन्यात सुनेच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. नात करवली होणार म्हणून घागरा शिवून आला होता. पण सून म्हणाली, "मी एकटीच बसने जाऊन येते. हिला तुमच्याजवळ ठेवते, आई." पोरीने घागऱ्याची पिशवी उचलून कपाटावर टाकली. मला ते बघवेना. मी चारचौघांत तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी सुनेला म्हटलं, "थोडे दिवस थांब. मी काय तरी बघते."

माझ्या माहेरी पानवेलीची बाग. वडिलांची खायची पानं लांबच्या बाजारात जायची, तीही उन्हाळ्यात. करंडीत केळीचं ओलं सोपट घालून त्यात पानं भरायची. सोपट म्हणजे केळीच्या खोडाचा पापुद्रा. तो आतून मधाच्या पोळ्यासारखा पोकळ असतो, पाणी धरतो आणि झळ आत येऊ देत नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती हेच काम करायला. माझा हात त्यात चांगला बसला होता.

पुढच्या वेळी पालघरला नातीच्या डॉक्टरबाईंकडे मीही गेले. त्या म्हणाल्या, प्रवासात फ्रिजइतकं थंड नसलं तरी चालेल, पण गोठता कामा नये आणि तापता कामा नये. घरी येताना मी विचार करत होते, बंद डब्यात गोठतंय की तापतंय हे कळायचं कसं? दुसऱ्या दिवशी नातीची वेणी घालताना सुचलं. थंडीत आपलं खोबरेल तेल थिजतं आणि ऊन लागलं की पातळ होतं. डॉक्टरबाईंना फोन लावून घेतला आणि विचारलं, तेल थिजलेलं राहील एवढा गारवा पुरे का? त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "पुरे. चांगलं सुचलं तुम्हाला."

मग मी तयारीला लागले. मुलगा तारापूरला कंपनीत जाताना थंड पाण्याचा जाड जग न्यायचा, तो मागून घेतला. तळाशी फ्रीजरमधला बर्फ, वर ओलं सोपट, त्यावर स्टीलचा डबा, भोवती पुन्हा सोपट. डब्यात औषधाऐवजी दोन बाटल्या ठेवल्या. एकीत थिजवलेलं तेल, दुसरीत पाणी. पाण्याचा बर्फ झाला तर गारवा जास्त, तेल पातळ झालं तर कमी. मुलाच्या सुट्टीच्या दिवशी जग गाडीत ठेवून गाडी भर उन्हात उभी केली.

आमचे हे ओटीवर बसून बघत होते. म्हणाले, "तेलपाणी नुसतं गाडीत बसवलंस. जरा उमरोळीपर्यंत फिरवून तरी आण बिचाऱ्यांना."

पहिल्या खेपेला पाण्यावर बर्फाची साय धरली. मी खाली सोपटाचा आणखी थर दिला. दुसऱ्या खेपेला पाणी पाणीच राहिलं आणि तेल पांढरं घट्ट. सुनेने बाटली उलटी करून पाहिली. मग कपाटावरची पिशवी स्वतःच खाली काढली.

आम्ही सकाळी मनोरमार्गे निघालो. डब्यात आता त्या दोन बाटल्यांच्या मधे इन्सुलिन होतं. या वेळी मासळी घेतली नाही. जव्हारच्या पुढे चढणीला गाडीचा एसी बंद पडला. खिडक्या उघडल्या तर आत तव्यासारखा वारा. मुलगा म्हणाला, "आई, एकदा उघडून बघ ना."

"उघडलं की गारवा जाईल. पोरीच्या जेवणाला उघडू."

"आणि तेव्हा पातळ निघालं तर?"

"तर गाडी मागे फिरव."

सुनेने नातीचा हात धरून ठेवला होता.

मोखाड्याला झाडाखाली जेवायला थांबलो. मी डबा काढला. पाणी पाणीच होतं आणि तेल घट्ट पांढरं. नात वाकून बघत म्हणाली, "आजी, तुझं तेल एसीत बसून आलंय. आमीच भाजून निघालो." सुनेने सुई दिली. संध्याकाळी सिन्नरला पोचल्यावर साखर तपासली, ती नेहमीसारखीच होती. सून तिथेच खुर्चीत बसली आणि तोंडाला पदर लावून रडली.

लग्नात नात घागरा घालून दिवा घेऊन नवरदेवाच्या मागे उभी राहिली. दोन पंगती होईपर्यंत ती खाली बसली नाही.

निघायच्या दिवशी सुनेची आई म्हणाली, "आणखी चार दिवस राहा गं." सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं आईने फोनवर बोलावलं की ती लगेच नाही म्हणायची. मी म्हटलं, "राहा. येताना औषध कसं बांधायचं ते दाखवून जाते." मग त्यांच्या परसातली एक केळ कापायला लावली आणि घरातल्या सगळ्या बायका भोवती बसल्या. त्यांना सोपट कसं सोलायचं, ओलं किती करायचं, हे सगळं मी सांगितलं. परक्या घरात एवढा वेळ मी आधी कधी बोलले नव्हते. सून मधून मधून म्हणत होती, "आमच्या आईंनी शोधलंय हे."