सातची थंडी

सरूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कपाट उघडून उभी होते. डिसेंबरातली सकाळ, साडेसहाची वेळ. बाहेर चांगलाच गारठा, पण दुपारी घाम काढणारं ऊन पडणार हे ठरलेलं. पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालावा की नुसती शाल टाकावी, पायात बूट की चपला, असं रोजचंच चाललं होतं. फोन मावशींच्या मुलीचा, सुनंदाचा. "आई गेली गं पहाटे. झोपेतच." मी येते म्हणाले, फोन ठेवला, परत कपाटासमोर येऊन उभी राहिले... आणि काय घालावं ते मला सुचेना. हसू नका. गेली तीस वर्षं थंडीच्या दिवसांत घराबाहेर पडताना मनातल्या मनात मी ज्या बाईला विचारत आले, तीच गेली होती.

त्याच्या दोनच आठवडे आधी मी त्यांना भेटायला कसबा पेठेत गेले होते. मावशी कॉटवर पडून. कुठं जायचं नव्हतं, धड उठवतही नव्हतं, तरी मला म्हणाल्या, "ती खिडकी उघड. बघू आज काय घालायचंय ते." मावशींनी पडल्या पडल्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि पाण्याची चव घ्यावी तसा दोन मिनिटं हवेत धरून ठेवला. मग माझ्या पायांकडे लक्ष गेलं. म्हटलं, नवे बूट आहेत मावशी, आतून लोकरीचं अस्तर आहे. "अगं बाई! डोंगर चढायला निघालीस होय? कसब्यात चढ आहे, पण एवढा नाही." मग जरा दम खाऊन, "दुपारी पाय उकडतील. तेव्हा माझी आठवण काढ." त्या दुपारी पाय उकडले आणि मी आठवण काढली. आमची शेवटची भेट ती.

मावशी शनिवार पेठेतल्या आमच्या शाळेत शिपाई होत्या. पण तो शब्द त्यांच्यासाठी कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. मुख्याध्यापकांपासून पहिलीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशीच. त्यांचं थंडीतलं रूप आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा. नऊवारी नव्हे, गोल पातळ; त्यावर यजमानांचा जुना फुल शर्ट, त्यावर तपकिरी स्वेटर, डोक्याला रुमाल, पायात मोजे आणि मोज्यांवर चपला. मोज्याचा अंगठा त्यांनी कापून वेगळा शिवून घेतलेला. प्रार्थनेनंतर रुमाल उतरायचा, साडेनऊला स्वेटर, अकराच्या सुमारास शर्ट. वर्गात घड्याळ नव्हतं, पण दारातून मावशी दिसल्या की किती वाजले ते कळायचं. पुण्याची थंडी ही थंडी नसून वेळापत्रक आहे, असं त्यांचं मत होतं. "अंगावर किती घातलं ते मला सांगू नका. काढल्यावर ठेवणार कुठं ते सांगा," असं त्या शिक्षकांनासुद्धा सुनवायच्या. डोक्यातून घालायच्या स्वेटरचा त्यांना मनस्वी राग. पुढून बटणांचा पाहिजे... हवा बदलेल तशी दोन बटणं उघडता येतात, सगळी उघडता येतात, आणि काढताना केस विस्कटत नाहीत.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगणार. आबा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात हमाल होते. आम्ही तिकडेच एका खोलीत राहायचो. जवळची शाळा सोडून आबांनी मला पाचवीला पेठेतल्या शाळेत घातलं, कारण तिथल्या मुली बोलताना अडखळत नाहीत असं त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं. ते पहाटे चारला यार्डात जायचे, सहाला सायकल काढून घरी यायचे, मला मागे बसवून शाळेत सोडायचे आणि परत पोती उचलायला जायचे. सायकलवर वारा असा लागायचा की कान दुखायचे. आबा स्वतःचा मफलर माझ्या डोक्याला गुंडाळायचे. त्याला कांद्याचा वास यायचा. शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर मी तो काढून त्यांच्या हातात द्यायचे. त्यांनी कधी का म्हणून विचारलं नाही. स्वेटर माझ्याकडे नव्हता. दिवाळीला घेऊ म्हणायचे, मग संक्रांतीला घेऊ म्हणायचे, आणि संक्रांत झाली की थंडीच संपायची. खरं सांगायचं तर पुण्याची थंडी एवढीशी, दहा वाजता ऊन चढलं की विसरून जावी अशी. तेवढ्यासाठी स्वेटर घेणं आमच्या घराला परवडण्यातलं नव्हतं, आणि पटण्यातलंही नव्हतं.

पाचवीतल्या त्या थंडीत एका सकाळी मी प्रार्थनेच्या रांगेत हात काखेत घालून उभी होते. मावशी तरातरा आल्या, हातात शाळेच्या गणवेशाचा निळा स्वेटर. सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ए वेंधळे! काल परत विसरून गेलीस ना? रोज कुणी सांभाळायचा तुझा स्वेटर?"

मी म्हटलं, "हा माझा नाही."

"तुझा नाही कसा? मी काय दुसऱ्याचा तुझ्या अंगात घालीन? घाल आधी."

पोरी खिदळल्या. मला रडू फुटायच्या बेतात. मावशी खाली वाकून बटणं लावू लागल्या आणि शेवटच्या बटणाशी त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "सुटली शाळा की माझ्या जिन्याखाली विसरून जायचा. रोज विसरायचा. कळलं?"

सकाळी सातला घालून आलेले स्वेटर पोरं अकराला काढतात आणि बाकावर, मैदानात, नळावर टाकून घरी जातात, हे शाळेत काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. महिना महिना कुणी न्यायला आलं नाही असे स्वेटर मावशी धुऊन, उसवलेलं शिवून जिन्याखाली ठेवत. सगळे एकाच निळ्या रंगाचे. आणि शाळा साडेबाराला सुटताना अख्ख्या शाळेत कुणाच्याच अंगात स्वेटर नसे. त्यामुळे मी स्वेटरशिवाय घरी जाते हे कुणाच्या डोळ्यावर येण्याचा प्रश्नच नव्हता. बुटांचंही तसंच. माझे कॅनव्हासचे बूट दोन वर्षं पुरावेत म्हणून मोठे घेतलेले. मैदानातल्या दवानं ते भिजत आणि बोटं बधिर होत. मावशी कवायत संपली की हाक मारायच्या, "आण ती होडकी इकडं." मोजे खिडकीच्या गजावर वाळायला, बुटात वर्तमानपत्राचे बोळे, आणि मी दुसऱ्या तासाला अनवाणी. बाईंनी विचारलं तर मावशी दारातूनच उत्तर देत, "डबक्यात उडी मारली तिनं. सांगून ऐकत नाही." अशी मी वर्गात वेंधळी, उनाड आणि विसराळू म्हणून प्रसिद्ध झाले. गरीब म्हणून झाले नाही.

जानेवारीतल्या चाचणीच्या प्रगतिपुस्तकात वर्गशिक्षिकेनं शेरा लिहिला, 'हुशार आहे, परंतु विसराळू. वस्तू सांभाळत नाही.' आबांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे प्रगतिपुस्तक मीच मोठ्यानं वाचून दाखवायचं. मी ते वाक्य गाळू शकले असते. का ते आजही मला कळत नाही, पण मी ते वाचलं. आबा जेवायचे थांबले.

"इसराळू? आपल्या घरात इसराया हाय काय? काय इसरलीस तू?"

"स्वेटर."

"कुणाचा?"

मी प्रगतिपुस्तक मिटलं. आबांनी हात धुतला. "उद्या येतो शाळंत," एवढंच म्हणाले.

मला पुढचं सगळं दिसायला लागलं. आबा कुणाचं फुकट काही घेत नसत. एका आडत्यानं त्यांच्यापुढे उष्टा बिस्किटाचा पुडा सरकवला म्हणून त्याचा गाळा त्यांनी कायमचा सोडला होता. ते मावशींना बोलतील, स्वेटर परत करतील, आणि मला उचलून घराजवळच्या शाळेत नेऊन टाकतील. बाकी कशाची नाही, पण पेठेतली शाळा सुटेल याची मला फार भीती वाटली. तिथे प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक होता आणि आठवीत गेल्यावर त्याला डोळा लावू देतात, हे मी ऐकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आबा आले. डोक्यावर यार्डातलं फडकं, कपड्यांवर पोत्याची धूळ. मावशी नळावर फळ्याची फडकी धूत होत्या. मी खांबाआड.

"बाई, माझ्या पोरीला सेटर तुम्ही देता?"

"मी कशाला देऊ? शाळेचा आहे."

"शाळा सेटर देती?"

मावशींनी फडकं पिळलं. "शाळा सातला भरते. तुम्हाला विचारून भरते का?"

"न्हाई."

"दहाला भरली असती तर पोरीला स्वेटर लागला असता?"

"न्हाई लागला."

"मग सातची थंडी शाळेची झाली. शाळेनं बोलावलं, शाळेनं बघावं. तुमच्या घरची थंडी तुम्ही बघा, त्यात मी नाक खुपसायला येणार नाही."

आबांनी डोक्यावरचं फडकं सोडून झटकलं. मग म्हणाले, "आमच्याकडंबी येळेआधी गाडी खाली कराया बोलावलं तर च्या आडत्याचा आसतो."

"तेच म्हणते मी," मावशी म्हणाल्या आणि पुढचं फडकं घेतलं.

आबा निघून गेले. त्या दिवसापासून आमच्या घरात स्वेटर हा शब्द कुणी काढला नाही. मी दहावीपर्यंत रोज तो विसरत राहिले. मी मोठी होत गेले तसे मावशींच्या ढिगातली मापंही मोठी होत गेली.

कॉलेजात गेल्यावरही कसब्यात जाणं सुटलं नाही. बी.एस्सी. झाले आणि डिसेंबरातच पहिली मुलाखत आली, शहराबाहेरच्या एका औषध कंपनीत. मी मैत्रिणीचा जाड कोट मागून आणला होता आणि टाचांचे बंद बूट. मावशींनी मला दारातच थांबवलं. "मुलाखत किती वाजता?" अकरा. "निघणार कधी?" आठ. "आभाळ बघितलंस?" आभाळ भरलेलं, भुरभुर पाऊस, भलत्या महिन्यात. "मग हा कोट घालून आत जाशील तेव्हा घामानं थबथबलेली असशील, आणि ते बूट चिखलात. त्यांना वाटेल पळत आली." त्यांनी मला सुती पंजाबी ड्रेस, वरून बटणांचा स्वेटर आणि पायात जुन्या रबरी चपला घालायला लावल्या, चांगले बूट पिशवीत. कंपनीच्या फाटकापाशी पाय पुसून बूट घातले, स्वेटर पिशवीत टाकला आणि आत गेले. बाकीच्या मुली रुमालानं चिखल पुसत होत्या. नोकरी माझ्या मार्कांवर मिळाली हे मी ठासून सांगेन. पण त्या खोलीत मी ताठ बसले होते ते कोरड्या पायांमुळे.

पुढे त्या प्रयोगशाळेत वर्षभर कृत्रिम गारवा. बाहेर ऊन आणि आत थंडी, सगळं उलटं. मी मावशींना म्हटलं, आता काय करू? त्या म्हणाल्या, "ही थंडी कुणाची?" कंपनीची. "मग मागून घे की. लाजतेस कशाला?" मी स्वेटर मागितले. नुसते माझ्यासाठी नाही. सकाळी सहाला फरशी पुसायला येणाऱ्या बायकांसाठीही. तीन अर्ज केले, साहेबांचं तोंड वाकडं झालेलं पाहिलं, पण चौथ्या अर्जाला स्वेटर आले. पुढून बटणांचे.

हे सगळं लिहायचं मी मावशींच्या दिवसांनंतरच ठरवलं होतं. तरी सहा आठवडे गेले. कारण मावशींचे उपकार सांगायचे तर माझ्याकडे स्वेटर नव्हता हे सांगावं लागतं, आणि ते सांगायचं तर आबांना विचारावं लागतं. आबा आता पंचाहत्तरीचे, माझ्याकडेच असतात. माणसानं आयुष्यभर जे झाकलं ते लेकीनं रविवारच्या पुरवणीत उघडं करावं का? त्यांनी नको म्हटलं असतं तर हा लेख झाला नसता. गेल्या आठवड्यात धीर करून मी त्यांना बाल्कनीत बसवलं आणि इथवरचं सगळं वाचून दाखवलं. प्रगतिपुस्तक वाचायचे तसंच, काही न गाळता.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "छाप. पर एक चुकलंय."

"काय?"

"सातची थंडी शाळेची म्हनली बाई, ते मला पटलं आसं तू लिवलंस. मला कुठं पटलं?"

"मग तुम्ही तो आडत्याच्या चहाचा विषय..."

"आगं, ती बाई फडकं पिळता पिळता येवढं डोकं लावून खोटं बोलत हुती. माझ्या पोरीसाठी. तिला खोटं कसं पाडायचं? मंग म्याबी एक टेकू लावला." मग ते म्हणाले, "मी निघालो तवा फाटकापतूर आली ती. तू खांबामागं हुतीस, तुला न्हाई दिसलं. हात वलेच हुते. मला म्हनली, 'उद्या पाठवाल ना पोरीला?' तवा मला कळलं, की बाईला भ्या कशाचं हाय. म्हनलं, पाठवतो."

"एवढंच?"

"येवढंच."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले होते.