चौथ्या सामन्याचा वाद

घिवलीची मोनाली कॉलेजात रग्बी खेळायची. लग्नानंतर मिथुनला, म्हणजे नवऱ्यालाही तिनेच या खेळाचा नाद लावला. लायन्स या पाहुण्या संघाची न्यूझीलंडमधली तीन सामन्यांची मालिका एक विजय, एक पराभव आणि एक अनिर्णित अशी बरोबरीत सुटली, तेव्हा तो चिडला.

"निकालासाठी लगेच चौथा सामना ठेवायला पायजे होता."

"अरे, क्लबचा मोसम संपवून थेट दौऱ्यावर आलेत ते. दमलेत."

"खेळाडू कसले दमतात?"

आठवडाभर हेच चाललं. रविवारी मिथुन बोईसरच्या कारखान्यातून सलग दोन पाळ्या करून घरी आला. मोनाली चेंडू घेऊन समुद्रकिनारी खेळायला निघालीच होती.

"चल, आमच्या संघात एक जण कमी हाय."

"आज नाय जमणार. पायच उचलत नाय," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. "बरं, तीनच सामने पुरे."

तरी तो तिच्यामागून किनाऱ्यावर गेला, आणि सामना रंगात येण्याआधीच सुरूच्या झाडाच्या सावलीत झोपला.